घडवलेल्या दागिन्यांची घरच्या घरी सफाई: आधी दागिना उलटा करून बघा

कारागिरी

लग्नसराई जवळ आली की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: "डब्यातला दागिना काळवंडलाय, कशाने धुऊ?" मी चांदीच्या तारेचे आणि खड्यामण्यांचे दागिने हाताने घडवते, त्यामुळे ओळखीचे लोक हक्काने विचारतात. सोबत फोटो असतो आणि तो बहुतेक वेळा दागिन्याच्या पुढच्या बाजूचा असतो. मला हवा असतो मागच्या बाजूचा.

दागिना किती मळलाय यावर तो कशाने धुवायचा हे ठरत नाही. तो कसा जोडलाय यावर ठरतं. हाताने घडवलेल्या दागिन्यात बहुतेकदा नुसतं सोनं-चांदी नसतं. कुठे लाख असते, कुठे रेशमाचा दोरा, कुठे गोंद, कुठे खड्यामागे चकाकीसाठी घातलेला पातळ पत्रा. धातू पाणी सोसतो, साबण सोसतो, थोडंफार घासणंही सोसतो. बाकीच्यांना ते जमत नाही. बिघडतो तो दागिना त्यांच्यामुळे.

म्हणून पहिलं काम म्हणजे दागिना उलटा करायचा, उजेडात धरायचा आणि जमलं तर भिंगातून बघायचा. खड्याच्या मागून उजेड आरपार दिसला तर कोंदण खुलं आहे. तिथे गेलेलं पाणी बाहेरही येतं. मागची बाजू पत्र्याने बंद असेल तर ते बंद कोंदण. कुंदनाचं काम, जुन्या तन्मणीचं खोड (मधलं खड्यांचं पदक), कुड्यांच्या मधला खडा हे बहुधा असेच असतात. फटीतून आत शिरलेलं पाणी तिथेच राहतं, मागचा पत्रा काळा पडतो आणि खडा निस्तेज होतो. मग वरून कितीही पुसा, चमक परत येत नाही, कारण डाग खड्याच्या मागे पडलेला असतो.

खुल्या कोंदणातले हिरा, माणिक, नीलम आणि साधे सोन्या-चांदीचे दागिने यांचं सोपं आहे. वाडग्यात कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विड सोपचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश. बेसिनच्या नळाखाली धरून कधीही धुऊ नका. हातातून निसटलेलं कर्णफूल थेट मोरीत जातं. धुण्याआधी धूळ फुंकून किंवा पाण्यातून काढून टाकायची, कोरड्या फडक्याने रगडायची नाही. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोहस मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे, सोनं-चांदी २.५ ते ३ वर आणि मोती २.५ ते ४.५ वर. कोरडं रगडलं की ओरखडे ठरलेले.

हा धागा काढलाय तो एवढ्यासाठीच की प्रत्येकाने आपल्याकडच्या दागिन्याची जोडणी सांगावी आणि मग सफाईचं बोलावं.

भाता_फुंकणी

चांगला विषय. आमचं घराणं सोनारकामाचं, कोल्हापूरकडचं, म्हणून लाखेबद्दल लिहितो.

बोरमाळेचा मणी हा सोन्याचा भरीव गोळा नसतो. पातळ पत्र्याचा पोकळ मणी करून त्यात लाख भरलेली असते. त्यामुळे थोड्या सोन्यात भरदार माळ होते आणि मणी सहसा चेपत नाही. कोल्हापुरी साजातही लाखेचं काम असतं. ही लाख उष्णतेने मऊ होते, उकळीपर्यंत जायचीही गरज नाही. कडकडीत पाण्यात माळ टाकली की लाख सैल होऊन भोकातून बाहेर ओघळते आणि मणी आतून रिकामा होतो. त्यानंतर नुसत्या बोटाच्या दाबानेही त्याला खळगा पडतो. दुकानात अशा चेपलेल्या बोरमाळा येतात. लोकांना वाटतं सोनं हलकं होतं, पण सोन्याचा काही दोष नसतो.

बोरमाळ, साज, पोकळ मोहनमाळ यांना गरम पाणी नको, कडक ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. ओल्या करून घट्ट पिळलेल्या मलमलच्या फडक्याने एकेक मणी पुसायचा आणि लगेच कोरड्याने टिपायचा. ठुशीत मळ मण्यांच्या मधल्या खाचांत बसतो, तिथे कोरडा मऊ ब्रश फिरवायचा. मागचा गोंडा आणि दोरा मात्र भिजवायचा नाही.

लाख आणि खडे नसलेल्या भरीव दागिन्यांना, म्हणजे पाटल्या, गोठ, तोडे यांना रिठा उत्तम. रिठ्याची टरफलं रात्रभर भिजत घालायची, सकाळी कुस्करून गाळून घ्यायची आणि त्या फेसात दागिना थोडा वेळ ठेवून ब्रशने घासायचा. शेवटी साध्या पाण्यातून दोनदा काढायचा.

दुपारची_झोप

वाचनखूण साठवली आहे. पण एक सांगते, आमच्याकडे आजीपासून चांदीला दंतमंजन आणि आता टूथपेस्ट लावतात. लख्ख निघते. त्यात वाईट काय आहे?

प्रयोगवही

@दुपारची_झोप, लख्ख निघते हे खरं आहे, पण ती कशी निघते ते बघा. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खरखरीत पूड असते. दातांवरचं आवरण चांदीपेक्षा बरंच कठीण असतं, त्यामुळे दातांना ती चालते. चांदीवर मात्र तीच पूड काळ्या थराबरोबर खालची चांदीही थोडी खरवडून नेते. ताटावर, वाटीवर लगेच फरक दिसत नाही. पण हाताने कोरलेल्या नक्षीच्या कडा बोथट होतात आणि मुलामा असेल तर तो थेट निघून जातो. भांड्यांच्या पितांबरीचंही तसंच: ती तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहे, दागिन्यांना लावू नये.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर. चांदीवरचा काळेपणा हा मळ नसतो, तो सिल्व्हर सल्फाइडचा थर असतो. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, रबर, लोकर, अंड्याचा बलक, गंधकाची मलमं या सगळ्यांमधून चांदीला गंधक मिळतं. वज्रेश्वरीसारख्या गरम पाण्याच्या कुंडात उतरताना चांदीचे पैंजण, जोडवी काढून ठेवावीत ती याचसाठी. आणि चांदीच्या पुडीला रबरबँड लावायची सवय तर मोडाच. बरोबर त्या रेषेवर काळा पट्टा उमटतो.

हा थर खरवडण्याऐवजी उलटवता येतो. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, चमकती बाजू वर. त्यावर चांदी अशी ठेवा की ती फॉइलला टेकेल. एक मोठा चमचा खाण्याचा सोडा टाका आणि चांदी बुडेल इतकं गरम पाणी ओता. अ‍ॅल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी परत चांदी होते. कुजक्या अंड्यासारखा थोडा वास येतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. काही मिनिटांत काम होतं. दाट थर असेल तर नवी फॉइल घेऊन पुन्हा करायचं. मग धुऊन, पुसून पूर्ण कोरडं करायचं.

पण कारागिरी यांनी म्हटलंय तेच इथे लागू: ही रीत फक्त निव्वळ चांदीसाठी. खडे, मोती, लाख, दोरा, मीनाकाम यांतलं काहीही असेल तर नाही.

आबोली_०७

गोव्यातून लिहिते. माझ्याकडे ऑक्सिडाइज्ड चांदीचं गळ्यातलं आहे, त्यावर पिरोजा बसवलाय. पावसाळ्यात ते आणखी काळं झालं. फॉइलची रीत वाचून हात शिवशिवत होते, पण शेवटची ओळ वाचून थांबले. मग याचं करू काय?

कारागिरी

आबोली, थांबलीस ते फार बरं केलंस. ऑक्सिडाइज्ड चांदीतला काळेपणा कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. चांदी गंधकाच्या द्रावणात बुडवून पूर्ण काळी करतात आणि मग उंच भाग घासून उजळ करतात. खोलगट भागात काळं राहतं म्हणूनच नक्षी उठून दिसते. म्हणजे तो काळेपणाही सल्फाइडच. फॉइलला हवा तो थर आणि नको तो थर यांत फरक करता येत नाही. दोन्ही निघून जातात आणि नक्षी सपाट, पांढरी दिसू लागते.

पिरोजा त्याहून नाजूक. तो सच्छिद्र असतो. अत्तर, तेल, घाम, साबण सगळं शोषतो आणि निळ्याचा हिरवट होत जातो. एकदा बदललेला रंग घरी परत आणता येत नाही. तेव्हा तुझ्या गळ्यातल्याला पाण्यात बुडवायचं नाही. चांदी पॉलिश करायचं कापड मिळतं, ते बोटाला गुंडाळ आणि फक्त उंच कडांवरून हलक्या हाताने फिरव. खोबणीत जाऊ नकोस. पिरोज्यावर ते कापडही नको, त्याला नुसतं मऊ कोरडं मलमल पुरे.

मिर्याबंदर

रत्नागिरीहून. समुद्रकाठी राहणाऱ्यांना सफाईपेक्षा साठवणीचा प्रश्न मोठा. इथली हवा चांदीला दोन महिने गोरी राहू देत नाही. आमची रीत अशी: प्रत्येक चांदीचा दागिना वेगळ्या झिपच्या पिशवीत, आतली हवा दाबून काढलेली. त्या पिशव्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. त्या नसतील तर फळ्यावर लिहायचे खडू ठेवावेत, तेही दमटपणा ओढतात. खडू अधूनमधून तव्यावर गरम करून घेतले की पुन्हा कामाला येतात.

सोनार देतो तो गुलाबी कागद मात्र डब्यात ठेवू नये. दमट हवेत त्याचा रंग सुटतो आणि मोत्यांवर बसतो.

भाता_फुंकणी

@मिर्याबंदर, चांदीसाठी सगळं मान्य, पण मोत्यांना या डब्यात घालू नका. मोती सेंद्रिय असतो, त्यात थोडी ओल असते. सिलिका जेलसोबत हवाबंद ठेवला तर वर्षानुवर्षांत कोरडा पडून त्याला बारीक तडे जाऊ शकतात. तन्मणी, चिंचपेटी, नथ सुती कापडात गुंडाळून साध्या डबीत ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर वर्षातून एकदा तरी बाहेर काढून घाला. मोती अंगावर राहिला तर चांगला राहतो, फक्त घातल्यानंतर पुसायला हवा.

मिर्याबंदर

हे बरं सांगितलंत. आईची चिंचपेटी आजच वेगळी काढतो.

काळेमणी

नथीबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा ना. आमच्याकडे सासूबाईंची नथ आहे, मधे हिरवा खडा, मोती थोडे पिवळट झालेत. समारंभात मेकअप लागतो आणि तो तारेच्या पिळात जाऊन बसतो. लिंबू-सोडा करू का?

कारागिरी

काळेमणीताई, लिंबू अजिबात नको. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, तोच चुनखडीचा पदार्थ. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांतल्या कुठल्याही आम्लात तो विरघळू लागतो. वरचं झिलईदार आवरण एकदा गेलं की गेलं. पोवळ्यालाही हेच लागू, कारण तेही त्याच पदार्थाचं.

नथ मी अशी साफ करते. टेबलावर पांढरा जाड टॉवेल अंथरायचा, म्हणजे मोती सुटलाच तर घरंगळत नाही. नथ उलटी ठेवायची. आधी मागची तार बघायची: मोती ज्या सोन्याच्या तारेत ओवलेत, त्या तारेची टोकं पिळून दाबलेली असतात. बोटाच्या टोकाने प्रत्येक मोती हळूच हलवून पाहायचा. गरगर फिरत असेल किंवा तार उचकटली असेल तर सफाई तिथेच थांबवायची आणि नथ सोनाराकडे द्यायची. सगळं घट्ट असेल तर बारीक रंगाचा ब्रश, अगदी शून्य नंबरचा, कोमट पाण्यात बुडवून कापडावर टिपून घ्यायचा. तो ओलसर हवा, ओला नको. पिळांच्या मधून फिरवला की फाउंडेशनचा पिवळा थर ब्रशवर येतो. ब्रश धुवायचा, टिपायचा, पुन्हा फिरवायचा. मोती एकेक करून ओलसर मलमलने पुसायचे आणि नथ टॉवेलवर पालथी घालून रात्रभर वाळू द्यायची.

मधला हिरवा खडा पाचू असेल तर आणखी जपून. पाचूत निसर्गतः बारीक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंना तेल दिलेलं असतं. गरम पाणी, स्पिरिट, दुकानातलं अल्ट्रासॉनिक यंत्र या तिन्हींनी ते तेल निघतं आणि कालपर्यंत स्वच्छ दिसणारा खडा जाळीदार दिसू लागतो. दुकानात नथ दिली तरी "यंत्रात घालू नका" असं आधीच सांगा.

मोत्यांचा पिवळटपणा वयाचा असेल तर तो राहू द्या. जुन्या मोत्यांना ती सायीची झाक येतेच आणि मला ती फार सुंदर वाटते. हळदीचा ताजा डाग असेल तर लगेच ओलसर फडक्याने टिपा. आधी हळद-कुंकू, अत्तर, केसांचा स्प्रे, मगच नथ, आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी नथ काढायची.

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात ओपल घरोघरी दिसतो, कूबर पीडी आणि लाइटनिंग रिजच्या खाणी याच देशातल्या. भारतातून येणारे पाहुणे भेट म्हणून हमखास घेऊन जातात, म्हणून सांगतो. स्वस्तातल्या ओपलमध्ये बरेच डब्लेट किंवा ट्रिप्लेट असतात, म्हणजे ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवलेली, कधी वर पारदर्शक टोपी. वरून कळत नाही, बाजूने बघितलं तर सरळ रेषेचा जोड दिसतो. असा खडा पाण्यात भिजत ठेवला की जोडात पाणी शिरून दुधट ढग दिसू लागतो. अखंड ओपलच्या स्वतःच्या अंगातच पाणी असतं, त्याला ओल्या कापडाने पुसलं तर काही होत नाही. पण गरम-गार असा एकदम फरक नको, तडकतो.

आणखी एक: पोहण्याच्या तलावात सोन्याची अंगठी घालून उतरू नका. क्लोरीन सोन्यातल्या तांब्या-चांदीच्या भागावर काम करतं आणि खडा पकडणारे बारीक पंजे कमकुवत होतात. १८ किंवा १४ कॅरटमध्ये असा मिसळलेला धातू जास्त, म्हणून तिथे धोकाही जास्त.

दुपारची_झोप

बरंच नवीन कळलं. टूथपेस्ट बंद. पण मग पाटल्या दुकानात उजळून आणलेल्या चालतात ना? आणि दारावर पॉलिशवाले येतात, त्यांचं काय?

भाता_फुंकणी

दारावरच्यांना दागिना हातातही देऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतो. पूड दाखवायला आधी तुमचं पितळेचं निरांजन किंवा चांदीचे पैंजण चकाचक करून देतात, विश्वास बसतो, मग सोनं मागतात. त्यांच्या भांड्यातल्या पाण्यात सोनं विरघळवणारं आम्ल असतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोनं विरघळतं. पाटली तेवढीच दिसते, चमकतेही, वजन मात्र घटलेलं असतं आणि ते सोनं त्यांच्या भांड्यात जातं. दुसरा प्रकार म्हणजे दागिने हळदीच्या पाण्यात घालून डबा किंवा कुकर बंद करायला लावतात, "थोड्या वेळाने उघडा" म्हणतात आणि उघडेपर्यंत दागिन्यांसकट पसार होतात. घरात एकटी वयस्कर माणसं असतील तर त्यांना हे आजच सांगून ठेवा.

दुकानातल्या उजाळ्याबद्दलही खरं सांगतो, व्यवसायातला असलो तरी. प्रत्येक उजाळ्यात सोन्याचा अगदी पातळ थर जातो. आमच्या धंद्यात झारेकरी असतात, सोनाराच्या दुकानातला केर-माती नेऊन त्यातून सोनं काढतात. त्या केराला किंमत येते ती अशाच कणांमुळे. म्हणून दरवर्षी उजळायला देऊ नका. जेव्हा द्याल तेव्हा डोळ्यांसमोर वजन करून पावतीवर लिहून घ्या आणि परत घेताना पुन्हा वजन करा. चांगला सोनार याचा राग मानत नाही.

आबोली_०७

पॉलिशचं कापड फिरवून पाहिलं. कडा उजळल्या, खोबणीतलं काळं तसंच आहे आणि पिरोजाही सुरक्षित. आता डब्यात ठेवताना पिरोज्याला सिलिका जेल चालेल का?

कारागिरी

पिशवीत एखादी लहान पुडी चालेल, पण खड्याला टेकू देऊ नकोस. आणि हिऱ्याची अंगठी त्याच पिशवीत नको; हिरा बाकी सगळ्यांना ओरखडतो.

गाठवलेली_पोत

ओवलेल्या दागिन्यांचं राहिलं बघा. मोत्यांचे सर, पोवळ्यांची माळ, पोत हे पाण्यात बुडवलं की दोरा भिजतो, वाळताना आत ओल धरतो आणि कुजतो. भिजलेला रेशीमदोरा ताणतोही. म्हणून माळ कधी खुंटीला लटकवून वाळवू नये, आडवी पसरून वाळवावी. मोत्यांमध्ये फट दिसू लागली, गाठीजवळ दोरा राखाडी झाला किंवा तंतू सुटले की पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्याकडे, नेऊन गाठवून घ्यायची वेळ झाली. तुटेपर्यंत वाट बघू नये. गाठवताना प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायला सांगा. माळ तुटलीच तर एखादाच मोती सुटतो आणि एरवीही मोती एकमेकांवर घासत नाहीत.

काळेमणी

आमच्या भागातले पटवेकरी आता बसत नाहीत. दुसरीकडे देताना काय बघून घ्यायचं?

गाठवलेली_पोत

देण्याआधी मोती मोजा आणि माळ मोजपट्टीशेजारी सरळ ठेवून फोटो काढा. मोठे मोती मधे, लहान टोकांना असा उतरता क्रम असेल तर तो फोटोत नीट दिसला पाहिजे, कारण ओवणाऱ्याला तो क्रम लागतो. दोरा रेशमाचा की नायलॉनचा हे विचारा. मोत्यांना रेशीमच मागा. शक्य असेल तर तिथेच बसून गाठवून घ्या. बहुतेक जण तासाभरात एक सर करून देतात.